शून्य सत्त्वाच्या वड्या

लोक जिभेला विकले गेलेत, जिभेला! अहो, मी बी.एस्सी. होऊन, मुंबईची नोकरी सोडून मालवणात शिकवायला कशाला आलो? लोकांनी चांगलं खावं म्हणून! नाचणीवर व्याख्यान दिलं... सहा माणसं! त्यातली चार पावसाला आडोसा म्हणून! आणि हा शेजारचा हरिश्चंद्र, परदेशी बोटीवरचा खलाशी, रजेवर येतो काय, जपानहून पांढऱ्या वाळक्या दोऱ्यांची पुडी आणतो काय... पाण्यात उकळायच्या, साखर घालायची, नारळाचा रस ओतायचा, थाळीत निववायचं, की झाल्या थरथरत्या वड्या! त्या शिरवाळ्यांवर, म्हणजे तांदळाच्या शेवयांवर, घालतो आणि अख्खी आळी त्याच्या ओटीवर! आणि सत्त्व किती? शून्य!

तुम्हाला सांगतो, ती विमला, जिच्यासाठी मी तिच्या आतेकडे, हौसाबाईंकडे, शब्द टाकणार होतो, ती माझ्या व्याख्यानात जांभया देते आणि इथे? 'अगो बाय, कशी हालता बघा!' हालते! हालण्यात काय आहे? त्या दोऱ्यांत प्रथिनं नाहीत, चरबी नाही, सत्त्व शून्य!

आठ दिवसांत त्याची बोट सुटणार होती. गप्प बसायचं की नाही? पण नाही! श्रावण चालू, कुणी मासळीला शिवलेलं नाही... उभा राहिलो आणि ओरडलो, 'खाताय ते येतं कुठून? समुद्रातून!' विमलाची वाटी खाली! हौसाबाईंचा घास तोंडातच! माझं आयुष्यातलं पहिलं यशस्वी व्याख्यान!

हौसाबाईंनी विचारलं, 'मासो आसा?'

आता शास्त्र शिकलेला माणूस खोटं बोलेल? म्हटलं, 'नाही, शेवाळ आहे.'

'मगे काय तर! श्रावणात दर्यातला खाऊक गावला! घाल रे आणखी!'

श्रावणात समुद्रातलं खायला मिळालं म्हणून आनंद! अहो, सत्त्व शून्य! कोण ऐकतंय? मग माझीच जीभ, तुम्हाला काय सांगू, सुटली ती सुटली, 'आणि जपानचं कौतुक कसलं? या जातीचं शेवाळ आपल्या खडकांवरही उगवतं!'

विमला वळली. माझ्याकडे नाही हो, त्याच्याकडे! 'मगे तुमी बोटीर कित्याक जातात? हयच रवा मां!' इथेच राहा म्हणे! आणि तो लाजला! सात समुद्र फिरलेला खलाशी... लाजला! 'रवतंय,' म्हणाला!

मी न्याय मागावा तसं हौसाबाईंकडे पाहिलं. त्या वाटी चाटत म्हणाल्या, 'मास्तरानू, उद्या ओहोटीक ह्या दोघांका तां शेवाळ दाखवक न्हेवा. टोपली तुमीच घेवा, तेंचे हात मोकळे रवांदेत.'