अक्षरं तेवढी ठेवली

कादर : हे कुणी सारवलं?

रतनबाई : माझं घर हाय, मी सारवलं. तुझ्या आजीला बोलवायचं व्हतं का?

कादर : मावशी, मी इथं फवारा मारून आठच दिवस झाले. पंप पाठीवर घेऊन अकोल्याहून चिखल तुडवत चढ चढून आलो होतो. आणि तुम्ही त्यावर शेण फिरवलं.

रतनबाई : फिरवनारच. लेक बाळंतपनाला आलीया. तिची खोली सारवायची न्हाई तर काय उकिरड्यात निजवायची तिला? समद्या भिंतीला पांढरे वघळ. आन वास असा, की भाकर नरड्याखाली उतरंना.

कादर : ते ओघळ म्हणजेच औषध होतं. तेच खलास केलंत तुम्ही.

रतनबाई : औषध मानसाला देत्यात. भिंतीला कसला ताप आला व्हता?

साळूबाई : आये, जरा दमानं घे. भाऊ, तुमी बी आवाज कमी करा. मला आठवा लागलाय, माझं डोकं उठतंय तुमच्या भांडनानं.

कादर : भांडायची हौस मलाही नाही, ताई. परवा आमचे साहेब तपासणीला येणार. ते भिंतीवर तळहात फिरवून बघतात. पांढरं लागलं नाही, की म्हणतील, कादर शेखनं डीडीटी ओढ्यात ओतलं आणि झाडाखाली झोपला.

रतनबाई : हां. म्हंजी नोकरी चाललीया म्हनून पळत आलास. मला वाटलं, माझ्या लेकीची काळजी लागली.

कादर : नोकरीसाठीच आलो. खोटं कशाला बोलू? पण ह्या खोलीत ही झोपणार, हे आता बघतोय. पोटुशीला हिवताप आला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

रतनबाई : न्हाईच सांगायचं. माझी थोरली गेली ती ह्याच खोलीत. पोटातल्याला घेऊन गेली. तू मला हिवताप शिकवतो व्हय?

साळूबाई : आये, पुष्पाअक्काचं आता नको काढू. भाऊ, मला एक कळंना. डास चावतो मानसाला. मग औषध भिंतीला कशापायी?

कादर : चावतो तो नर नव्हे, मादी. नर फुलांचा, झाडांचा रस पिऊन राहतो. मादीला अंडी घालायला रक्त लागतं.

साळूबाई : म्हंजी तिचं बी माझ्यासारखंच.

रतनबाई : तुझ्या तोंडाला काय आवर हाय का न्हाई?

कादर : पोट भरलं की तिला लांब उडवत नाही. जवळची भिंत धरते आणि रक्त पचेपर्यंत तिथंच बसते. भिंतीला औषध असलं की ते तिच्या पायाला लागतं आणि ती मरते. मग तुमच्या घरातला ताप शेजाऱ्याच्या घरात जात नाही, शेजाऱ्याचा तुमच्याकडं येत नाही. लढाईत गोऱ्या सोल्जरांसाठी वापरलं हे. एकदा मारलं की महिनोन् महिने काम देतं, हे तेव्हाच कळलं सगळ्यांना.

रतनबाई : सोल्जरांच्या घरात बाळंतिनी नसत्यात. आन माझी मांजर मेली ती? चार दिसांत पाय वाकडं करून मेली. ती काय डास व्हती?

कादर : नव्हती. मांजर अंग चाटते, तिच्या पोटात गेलं असेल. ते मी नाकारत नाही.

रतनबाई : नाकारत न्हाई म्हनं. म्हनून सारवलं मी. आन काय रं, एवढा तणतणतोस, तुझी अक्षरं तर ठेवलीत की.

कादर : कुठली अक्षरं?

रतनबाई : दाराशेजारची, गेरूची. आतलं समदं सारवलं, भाईरची भिंत सारवली, पन अक्षरं तेवढी ठेवली. बोटानं कडंकडंनं शेण लावलं, एका बी अक्षराला धक्का न्हाई लागू दिला. गेल्या सालची बी तशीच हायेत. सरकारी अक्षरं पुसू नयेत, एवढं मला कळतं.

कादर : मावशी, ती अक्षरं म्हणजे औषध नव्हे. ती नुसती तारीख आहे.

रतनबाई : तारीख असू दे न्हाईतर मंतर असू दे. घर राखती ना? तूच म्हनला व्हतास, पुसू नका, ह्याच्यावरच समदं हाय.

कादर : तपासणीचं म्हणालो होतो मी. साहेब तारीख बघतात, म्हणून.

रतनबाई : तवा असं न्हाई म्हनलास. आता पलटू नको.

कादर : बरं. पलटत नाही. कंदील द्या इकडं. ह्या कोपऱ्यात अंधार आहे. ही बघा. ताई, तुम्ही पण बघा. तुमच्या ताज्या सारवणावर बसलीय. डोकं खाली, शेपूट वर. आणि ही दुसरी. ही तिसरी.

साळूबाई : साधा डास असा न्हाई बसत. तो सपाट बसतो.

कादर : बरोबर. शेपूट वर करून बसते ती हिवतापाची. पोट लाल आहे बघा. रात्री कुणाला चावलीय?

साळूबाई : ह्या खोलीत मीच निजते.

रतनबाई : मार तिला.

कादर : मारायची नाही. ह्या दोन काचेच्या नळ्या आहेत माझ्याकडं. एकीत एक, दुसरीत दुसरी. सावकाश. हां. आता तुम्हीच सांगा, मावशी, अक्षरं घर राखतात ना? ही नळी धरा. तोंडाचा कापूस काढून तोंड अक्षरांवर दाबून ठेवा. मादी अक्षरांवर बसली पाहिजे.

रतनबाई : मी कशाला धरू? मला कामं हायेत.

कादर : मी धरली तर म्हणाल, कादरनं नजरबंदी केली.

रतनबाई : म्हननारच.

कादर : म्हणून तुम्ही धरा. ताई, तुम्ही ही. दाराची फळी भिंतीला टेकते ना, तिच्यामागं सारवलेलं नाही. पांढरं तसंच आहे. नळी तिथं दाबा. स्टुलावर बसा, उभं राहू नका. अर्धा तास लागेल.

रतनबाई : अर्धा तास दाराला चिटकून बसू? गावातलं मानूस गेलं तर म्हनंल, रतन येडी झाली.

कादर : गाव मला आठ दिवस शिव्याच देतंय. वरच्या वाडीत माझ्या अंगावर कुत्रं सोडलं. एकीनं राखुंडीचं पाणी डोक्यावर ओतलं. तुम्ही अर्धा तास बसा.

रतनबाई : कुत्रं सोडलं ते बरं केलं. लोकांच्या घरात घुसायची तुमाला लई हौस.

कादर : नगरला माझ्या घरी बसून मला कातड्याचं काम मिळतं, मावशी. हौस म्हणून ह्या डोंगरात कोण येईल?

रतनबाई : मग जा की नगरला.

कादर : जाईन. हे झालं की जाईन.

(दोघी नळ्या भिंतीला दाबून बसतात. वीस-पंचवीस मिनिटं जातात.)

साळूबाई : माझी उडाली नळीत. पुन्हा बसली. आता पाय झाडतीया.

रतनबाई : माझी हाय तशी. बसलीया शेपूट वर करून.

साळूबाई : भाऊ, दारातनं वाकलं की आयेच्या भिंतीवर दोन तारखा दिसत्यात. वाचू का? आये धरून बसलीया ती, दोन सप्टेंबर एकोनपन्नास. ही औंदाची. आन खाली गेल्या सालची, पंधरा सप्टेंबर अठ्ठेचाळीस. तिच्यावर कुंकवाचा डाग हाय.

रतनबाई : व्हय. पुष्पीला थंडी वाजाया लागली तवा वाहिलं कुंकू. रोज सकाळी वाहायची. म्हनलं, सरकारी अक्षरं हायेत, लेकीला सांभाळ.

साळूबाई : मला न्हाई सांगितलंस कधी.

रतनबाई : तू सासरी व्हतीस. काय सांगू? गौरी गेल्या आन हा येऊन लिहून गेला. पितरपाटात तिला ताप आला. सर्वपित्रीच्या आदल्या दिशी गेली. मला वाटलं, मीच कमी पडले. वीत वीत पोपडे आले व्हते भिंतीला, म्हनलं खोली धड सारवली न्हाई, त्याचंच झालं. म्हनून औंदा तीनदा सारवली.

साळूबाई : भाऊ, माझी पडली. उताणी पडलीया. पाय थरथरत्यात.

कादर : दाखवा मावशीला.

रतनबाई : मला दिसतंय.

कादर : आणि तुमची?

रतनबाई : दिसतंय म्हनलं ना.

साळूबाई : आयेची जित्ती हाय.

कादर : गेरूला काय मारायचंय? गेरू गेरूच. औषध आत मारतात, तारीख बाहेर लिहितात. एवढंच सांगत होतो मी सकाळपासून.

साळूबाई : भाऊ, एक विचारते. गेल्या साली आत मारलं व्हतं का?

कादर : हे आता कशाला?

साळूबाई : तारीख तर लिवलीया. मारलं व्हतं का?

कादर : तुमच्या आईनं आत येऊ दिलं नव्हतं.

रतनबाई : पुष्पी उघड्या अंगानं बसली व्हती. तिच्या पाठीला तेल लावीत व्हते मी. परक्या बाप्याला आत कसं घेऊ? म्हनलं, काय लिहायचं ते भाईर लिही आन जा.

कादर : म्हणून लिहिलं.

साळूबाई : काय लिवलं?

कादर : झालं असं लिहिलं.

साळूबाई : झालं न्हवतं तरी?

कादर : राहिलं असं लिहिलं असतं तर पुन्हा यावं लागलं असतं. त्या दिवशी सात घरांनी दार लावून घेतलं होतं. पाऊस होता. पंप गळत होता, पाठ भाजली होती माझी. सातही घरांवर तारीख लिहिली आणि उतरलो.

रतनबाई : सात घरं.

कादर : हो.

रतनबाई : मी कुंकू वाहत व्हते त्याला.

कादर : मला काय माहीत, तुम्ही कुंकू वाहाल? मला वाटलं, तुम्हाला कळतंय, आत मारलेलं नाही. तुमच्याच डोळ्यांपुढून मी गेलो की पंप न उघडता.

रतनबाई : मला वाटलं, अक्षरांतच हाय. आत यायचं नसतं म्हनूनच भाईर लिहित्यात. तू एका शब्दानं म्हनला असतास, बाई, ह्यानं काय व्हनार न्हाई, तर तिला पदर गुंडाळून मी वट्यावर बसवली असती. एक शब्द.

कादर : तेव्हा तुम्ही शब्द ऐकत होता का? आज ऐकला का? सकाळपासून मला आजी काढून बोलताय.

रतनबाई : आज बी तुला फेकून द्यावा असं वाटतंय.

कादर : द्या. पण चूक एकट्याची नव्हती. आणि तिला आधीच चावली असेल. ताप आत असतो पंधरा दिवस, मग बाहेर पडतो. कोण सांगणार?

रतनबाई : तू सांगू नको. तू एवढं सांगू नको. गप ऱ्हा.

साळूबाई : आये, भांडी भाईर काढ. आंथरून वट्यावर घे.

रतनबाई : ह्याच्या हातून न्हाई. मला ह्याचं तोंड बघायचं न्हाई. दुसरं मानूस पाठवा.

कादर : पाठवायला सांगतो. ह्या बाजूला आम्ही दोघंच आहोत. दुसरा खाली धरणाच्या वाड्यांमध्ये आहे. इकडं यायला त्याला वीस दिवस लागतील.

साळूबाई : वीस दिस मी ह्या भिंतीपाशी निजू, आये? का पुन्हा सारवशील?

रतनबाई : तू बी बोल मला.

साळूबाई : बोलत न्हाई. इचारते.

रतनबाई : पंप कुठं हाय रं तुझा?

कादर : ओट्यावर आहे.

रतनबाई : वहाना काढ आन आत ये.

कादर : तुम्ही दोघी बाहेर बसा. वाळेपर्यंत आत येऊ नका.

रतनबाई : साळू बसंल भाईर. मी दारात उभी ऱ्हानार. वास येऊ दे न्हाईतर मरन येऊ दे. एक वीत जागा ऱ्हायली तर तुला घरातनं जाऊ देनार न्हाई.

कादर : उभ्या राहा. पदर नाकाला लावा.

रतनबाई : त्या कोपऱ्यात. तिथं व्हत्या तिघी. वर मार, आढ्यापर्यंत. अजून वर.

कादर : मारतोय.

रतनबाई : खाटंच्या मागं. तिची खाट तिथंच व्हती.

कादर : मारतोय, मावशी.

रतनबाई : मावशी म्हनू नको मला.

कादर : बरं.

साळूबाई : आये, झालं का? तू खोकतीयास.

रतनबाई : व्हत आलंय. फळीच्या मागं बी मार पुन्हा. तिथंच मेली ना ती.

कादर : झालं. सारवायचं नाही आता, निदान दिवाळीपर्यंत. पांढरं दिसलं तरी राहू द्या. मांजर आणली तर बांधून ठेवा. गेल्या वर्षी राहिलेल्या वरच्या त्या सहा घरांना मी आजच जातो. कुत्रं सोडलं तरी जातो.

रतनबाई : जा.

कादर : आजची तारीख लिहावी लागेल.

रतनबाई : लिही. मी बघितलंय आत.

कादर : दहा सप्टेंबर एकोणपन्नास. आठ दिवसांपूर्वीची पुसतो, ती आता चालत नाही. आणि ती गेल्या वर्षीची पण पुसून टाकू का? नवीन गेरू बसायला जागा होईल.

रतनबाई : तिला हात लावू नको. मला वाचता येत न्हाई. तुला येतं.