जांभळा पट्टा

माननीय अध्यक्षा कोरिनबाई, व्यासपीठावर बसलेले लाकूड कंपनीचे श्री. हॅस्केल, आजचे सत्कारमूर्ती रोझेर सीर, आणि ज्यांचं अर्धं लक्ष मागे शिजणाऱ्या घेवड्याकडे आहे असे आपल्या शिकार मंडळाचे सभासदहो,

आज बोलायला मी, थेल्मा, का उभी राहिले? कारण रोझेरना सगळ्यात जास्त शिव्या आमच्या घरातून गेल्या. हसू नका, तुमची घरंही फार मागे नव्हती.

जंगल कंपनीचं, पण आजोबांच्या काळापासून आपण त्यात हरणामागे जातो, बेरी वेचतो, कुणाला विचारत नाही. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी ओढ्याकाठी दोन फ्रिज आणि ट्रकभर जुने टायर टाकले. कंपनी म्हणाली, पुरे झालं, फाटक लावा. रोझेर कंपनीचेच वनाधिकारी. त्यांनी एका हंगामाची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रस्त्याकडेच्या झाडांवर जांभळे पट्टे ओढायला लागले.

आपल्या मेन राज्याच्या कायद्यात जांभळा पट्टा म्हणजे ‘विचारून आत या’. पण आपण वाचलं काय? ‘चालते व्हा!’ आमचे बाबा, एल्डन, भर दुकानात ओरडले, “आले बघा रंगारी! साठ वर्षं हिंडलो मी तिथे, आता झाडाला विचारू?”

“झाडाला नको, एल्डन, मला विचार,” रोझेर म्हणाले. “रस्त्याकडेच्या पाटीवर नंबर लिहिलाय.”

नंबर त्यांच्या घरचा होता! फोन करणाऱ्याला ते दोनच गोष्टी विचारायचे. कुठे जाणार? आणि कचरा दिसला तर उचलून आणाल का? ‘नाही’ कुणालाच म्हणाले नाहीत. ते टायर शेवटी आपल्याच गाड्यांतून बाहेर आले आणि फाटक काही लागलं नाही.

बाबांनी मात्र फोन केला नाही. दर नोव्हेंबरात हरणांचा हंगाम आला की बंदूक पुसायची आणि परत ठेवून द्यायची, अशी नऊ वर्षं गेली. मला फार वाईट वाटायचं. रोझेरही भेटले की विचारायचे, “एल्डनचा फोन नाही आला गं अजून.”

आता रोझेर निवृत्त होताहेत. हॅस्केलसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, फोन उचलणारं कुणी असेल तर जंगल खुलं, नाहीतर फाटक. त्या बैठकीत सगळ्यांना एकदम आपापले बूट बघावेसे वाटले. मग मीच हात वर केला. सोमवारपासून पाटीवर माझा नंबर आहे.

आज सकाळी मी अंगणात होते. फोन वाजला.

“कुठे जाणार?” मी विचारलं.

“ओढ्यापलीकडे, कड्यावर. जाऊ का आत?”

आवाज बाबांचा! फोन आमच्याच स्वयंपाकघरातून होता.

“कचरा दिसला तर?”

“आणीन उचलून. आणि त्या रंगाऱ्याला विचार, येतोय का सोबत.”

मंडळी, आपण आलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आमच्या घरची नऊ वर्षांची चूकही त्यातच धरा.

रोझेर, बाबा शेवटच्या रांगेत बसलेत, टोपी हातात धरून. त्यांना उत्तर हवंय.