बंकट मास्तरांचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अर्जुनराव, व्यासपीठावर विराजमान मान्यवर, ‘बिंदुसरा ब्रास बँड’चे प्राण आणि आजचे सत्कारमूर्ती बंकट मास्तर, त्यांच्यावर माहितीपट करणारी आपल्या पालीची लेक वर्षाराणी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी मंडपवाला. लोकांना बसवणं हे माझं काम, उभं राहून बोलणं नव्हे. पण मास्तर आज बँड सोडतायत, आणि त्यांनी वाजवलेल्या बहुतेक लग्नांत खांब मीच रोवलेत. तेव्हा अध्यक्षांचा हुकूम मोडवेना.

माहितीपट आपण आत्ताच पाहिला. हातगाडीवर जनरेटर ठेवून वरातीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा आपल्या भागातला पहिला बँड हाच. मांजरसुंब्याला तर ट्रकवाले गाड्या सोडून नाचले आणि ढाब्यावरच्या रोट्या करपल्या! रॉक बँड काय फक्त विलायतेतच असतात?

आता जरा वेगळं बोलतो. दुखवट्याच्या घरापुढून वरात जाताना बँड थांबतो, ही आपली रीत. मास्तर हात खाली घेतात, सगळे मुकाट्यानं दारावरून जातात, पुढं गेलं की पुन्हा सुरू. वर्षाराणीनं जुन्या लग्नांच्या कॅसेटींमधल्या अशा शांत जागा एकापुढं एक जोडल्यात. फार सुंदर दिसतं. पण ती दारं ओळखलीत का कुणी?

पहिलं दार सिदूचं. बँड गप्प झालाय आणि सिदू स्वतः उंबऱ्यात उभा राहून हसतोय. दुसरं तुळजाबाईंचं. त्या ओट्यावर गहू निवडत बसल्यात. त्या दिवशी या घरांत कसला दुखवटा होता? काहीच नव्हता. तो नंतर आला, आणि फार उशिरा आला नाही.

कॅसेटी माझ्याच होत्या, म्हणून वर्षाराणीनं परवा मला माहितीपट आधी दाखवला. मी तडक मास्तरांचं घर गाठलं. विचारलं, “मास्तर, तिथं कशापायी थांबलात?”

मास्तर टोपीची झालर साफ करत होते. म्हणाले, “मी कुठं थांबतो, दादा? घरातून रडायचा आवाज येतो. लई मोठ्यानं. रडत्या घरापुढं कसं वाजवावं? हात आपोआप खाली येतो. बाकीच्यांना काईच ऐकू येत न्हाई. म्हणून तर सोडायलोय हे.”

आता शेवटचं दृश्य आठवा. गेल्या महिन्यातली वरात, वर्षाराणीनं स्वतः टिपलेली. निळं फाटक, नवरदेवाला ओवाळायला ताट घेऊन उभं असलेलं जोडपं, आणि बँड गप्प. सगळ्यात मोठ्या टाळ्या तुम्ही तिथंच वाजवल्यात. मंडळी, ते फाटक माझं. ते जोडपं म्हणजे मी आणि आमची वनमाला.

मी मास्तरांना एवढंच विचारलं, “आवाज बाईचा होता का गड्याचा?”

मास्तर बराच वेळ टोपीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बाईचा.”

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. रडणारी ती, म्हणजे मागं राहणारीही तीच. भीती वाटते. पण त्या घरात तिच्याविना एकट्यानं राहायची भीती याहून मोठी होती. फक्त मास्तर इतका वेळ टोपीकडं का बघत होते, ते काही डोक्यातून जात नाही.

वनमाला आज इथं आलेली नाही. बँडच्या जेवणासाठी घरी पुरण वाटतेय. यातलं काही तिच्या कानावर घालू नका. पालीत कुणाच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे माहीत असून सांगतोय.

आणि मास्तर, आता तुमची मिरवणूक आमच्याच दारावरून जाणार. तिथं काहीही ऐकू आलं तरी हात वर ठेवा. ती गिटारची धून तिला फार आवडते. ती ताट घेऊन बाहेर येईल, तेव्हा वाजत असू द्या.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचा मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, किंवा मंडप काढल्यावर कुणाच्या अंगणातला खड्डा बुजवायचा माझ्याकडून राहिला असेल, तर माफी आजच द्या. उद्यावर ठेवू नका.