लिवरच्या टोपीखाली

(गव्हाच्या गंजीपाशी पुंजाजीचा छत्तीस वर्षांचा ट्रॅक्टर, मागे थ्रेशर. शेजारी त्याची बायको रुखमाबाई. जानेफळचा मेकॅनिक राजकुमार फोनवर, स्पीकर चालू.)

पुंजाजी : ...अबे, इंजिन त चालूच हाय! पीटीओ फिरत नाई म्हनतो मी. मागचा शाफ्ट जागचा हालत नाई, मंग थ्रेशर कायच्यानं फिरन?

राजकुमार : काका, जोरानं बोला. कानात हळद गेली.

पुंजाजी : हळद?

राजकुमार : माही हळद चालू हाय न. पाटावर बसलो. बोला, एक कान मोकळा हाय.

रुखमाबाई : अहो, ठेवा फोन! पोराले हळद त लागू द्या. माह्या भावाले बलावू. रंगरावचा नवा ट्रॅक्टर घंट्याभरात येते.

पुंजाजी : त्याचा ट्रॅक्टर खळ्यात आला, त मी खळं सोडून जाईन. साऱ्या गावासमोर म्हने, "भाऊजी, हे भंगार अंगनात ठेवा, वर दोडक्याचा वेल चढवा."

रुखमाबाई : अन आभाळ पाह्यलं का? गंजी भिजली त वेल कायले पाह्यजे, गव्हालेच कोंब फुटतीन.

राजकुमार : काका, रंगराव मामा इथंच जेवून राह्यले. ट्रॅक्टर पाठवू का, इचारतेत.

पुंजाजी : गुपचाप जेव म्हना त्याले! मी काय करू ते सांग.

राजकुमार : क्लच दाबा, पीटीओचा लिवर ओढा. आवाज कसा येते?

पुंजाजी : शिवमची माय, तू काढून दाखव.

रुखमाबाई : कर्रर्र... खुट्.

राजकुमार : कर्रर्र लंबा का आखूड?

रुखमाबाई : कर्रर्रर्रर्र... खुट्.

राजकुमार : आत्या, जरा थांब, हळद मंग लाव. काकू, आखरी बार.

रुखमाबाई : कर्रर्रर्रर्र खुट्! आता माह्या घशातला शाफ्ट तुटंन.

राजकुमार : गिअर चांगला हाय. लिवर अर्ध्यात अटकून राह्यला. गाडी बंद करा अन लिवरच्या बुडाची रबरी टोपी उचला. तिथं काही फसलं असंन.

पुंजाजी : टोपी? टोपीले हात नाई लावाचा. कंपनीनं बसवली हाय.

राजकुमार : छत्तीस साल झाले काका, कंपनी काही म्हनत नाई.

पुंजाजी : दुसरं सांग न. चाकातली हवा पाहू का?

राजकुमार : चाकाचा काय संबंध?

रुखमाबाई : राजकुमार, टोपीखाली मुंग्यांची रांग चालली हाय बापा.

राजकुमार : मुंग्या? काकू, चाळीस ट्रॅक्टर खोलले म्या. शुगर झालेला हा पयलाच.

रुखमाबाई : सरका तुम्ही... अगं माय! साखरगाठी! पाडव्याच्या गुढीची! घरभर धुंडली म्या, अन तुम्ही म्हने कावळ्यानं नेली! डॉक्टरनं गोडाचा कनही नाई सांगतला तुम्हाले, अन हे इथं अर्धी खाऊन...

पुंजाजी : हळू बोल न! फोन चालू हाय.

राजकुमार : काय निघालं काकू? बँड मधातच वाजला. मामा इचारून राह्यले. सारा मांडवच इचारून राह्यला.

पुंजाजी : शिवमची माय...

रुखमाबाई : ...खडा निघाला बापा. वावरातला खडा. गाडी साबूत हाय, सांग माह्या भावाले.

राजकुमार : मंग चालू करा, पाहा फिरते का.

रुखमाबाई : फिरला! फिरला रे राजकुमार! ठेव फोन, आता दुसरा कानही पिवळा कर!

पुंजाजी : ...कावळ्यावर उगाच आळ घेतला म्या.

रुखमाबाई : पेंढ्या टाका थ्रेशरात. अन मिशी पुसा पयले, मुंगी चढून राह्यली.