गुडघ्याच्या वर चार बोटं

मुलांनो, गयाबाई शिंपीण वसमतला आमच्या शेजारी राहत. त्यांनी आमच्या पडवीत बसून सांगितलेलं मी त्याच आठवड्यात उतरवून काढलं होतं. बोलणं त्यांचं आहे, मी फक्त परिच्छेद पाडले.

मपलं माहेर गोरेगावचं, जातीनं आमी शिंपी, बाप बाजाराच्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन जायचा आन् झाडाखाली बसून बंड्या शिवायचा. लगीन झालं तवा मी एवढीशी पोरगी, वसमतला आले, हळदीच्या अडतीच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान, पुढं दुकान मागं घर, मधी एक पडदा. बायांनी काज करायचे, बटणं लावायची, दुमड घालायची. कातर बाईच्या हाती द्यायची न्हाई ही आमच्यातली रीत, सासू म्हणायची बाईनं कापड कापलं की घरातला धंदा कापला जातो. आता हसू येतंय, तवा कोण हसणार.

आमच्या मालकाचा हात कोटाचा. धोतरावर घालायचा कोट, वकील-सावकार लोकांचा. अन् शेरवानी शिवायची तर एकच दुकान, समोर हबीबचाचाचं. कचेरीतले सगळे त्यांच्याकडं. आमच्या मालकाला शिवण त्यांनीच शिकवली, म्हणून हे त्यांना उस्ताद म्हणायचे आन् मला ते बेटी म्हणायचे. तुमाला सांगते बाई, दोघांचं भांडण व्हायचं ते फक्त लांबीवरून. चाचाचं म्हणणं, शेरवानीत गुडघा झाकलाच पायजे, माणूस उंच असो का बुटका, गुडघा दिसला की ती शेरवानी न्हाई, बंडी हाये. आमचे म्हणायचे, उस्ताद, कापड माणसासाठी हाये, माणूस कापडासाठी न्हाई, बुटक्याला लांब घातलं की तो आणखी बुटका दिसतो. हात खाली सोडायला लावायचे, बोटं जिथं वळतात तिथं कोटाची कड, धोतर असलं तर आणखी खाली, पोट असलं तर पुढून जरा जास्त, असं त्यांचं गणित. चाचा म्हणायचे, तू शिंपी हाये, तुझ्या डोक्यात धोतरच राहणार. चहा प्यायचे आन् भांडायचे.

मंग ते वाईट दिवस आले. निजामाचं राज्य जायच्या आधीचे. दंडाला पट्टे बांधलेली टोळी गावोगाव फिरायची, बंदुका, भाले. कुठं कडब्याच्या गंज्या पेटव, कुठं माणसं झाडाला बांध. त्यांचा म्होरक्या, त्याला सारे जमादार म्हणायचे, बुटका, रुंद, मान न्हाईच. औंढ्याच्या रस्त्यावर त्यानं एका माणसाला घोड्यामागं बांधून ओढलं, ते माणूस वसमतला पोचलं तवा त्याला पाठच नव्हती. मी डोळ्यानं पाह्यलं, काहून खोटं सांगू.

एक दिवस तो जमादार हबीबचाचाकडं न जाता आमच्या दुकानात आला. चाचाच्या दुकानासमोर त्यानंच कुणाला तरी मारलेलं, चाचानं त्या माणसाला पाणी पाजलं, त्याचा राग. काळं सर्जचं कापड आणलं, म्हणला शेरवानी शिव, गुडघ्याच्या खाली, बड्या साहेबासारखी. मालकानं माप घेतलं, खडूनं भिंतीवर लिहिलं, आन् तोंडातून निघून गेलं, की साहेब, गुडघ्याखाली घेऊ नका, पाय दिसायचे न्हाईत, चार बोटं वर घेऊ, रुबाब येईल. वाईट बोलले न्हाईत हो. गिऱ्हाइकाला चुकीची लांबी द्यायची त्यांना सवयच नव्हती. पण त्याच्या माणसांतला एक जण फिसकन हसला.

मी पडद्याआड होते. जमादार हसणाऱ्याला काही बोलला न्हाई. त्यानं मालकाचा उजवा हात फळीवर ठेवला, दोघांना धरायला लावला, आन् कोळशाची इस्त्री उचलून बोटांवर आपटली, मंग पुन्हा, मंग तशीच दाबून धरली. बोटं मोडल्याचा आवाज आला, वाळलेल्या तुराट्या मोडतात तसा. आन् वास. मालक ओरडले न्हाईत, त्यांनी दात एवढे आवळले की एक दाढ फुटली. जाताना जमादार म्हणला, शुक्रवारी शेरवानी पायजे, न्हाई तर तू आन् दुकान एकाच काडीनं पेटवीन.

आता कापायची कुणी? चाचा मागच्या दारानं आले, हात बघून रडले, म्हणले मी कापतो. मालकानं नको म्हणून मान हलवली. चाचाच्या दारात जमादाराचा माणूस बसवलेला, चाचा जास्त वेळ इकडं थांबले असते तर तो शोधत आला असता, आन् काळं सर्ज तिकडं दिसलं असतं तर दोन घरं जळली असती. मी म्हणलं, मी कापते. सासूनं डोक्याला पदर घेतला आन् देवाकडं तोंड करून बसली.

भर दुपारी दार लावून घेतलं. मालक तापानं फणफणून राहिले व्हते, पडल्या पडल्या सांगायचे, मी खडूनं आखायची. गळा झाला, खांदा झाला, बाही झाली. लांबीपाशी मी थांबले. चाचा म्हणून गेले व्हते, बेटी, गुडघा झाक, त्यानं सांगितलंय ते दे, जीव वाचव. मालक म्हणले, त्यानं काय सांगितलं ते सोड, आरशात काय दिसंल ते बघ, नाराज झाला तर आरशापुढंच होईल. मी त्याला पडद्याआडून पाह्यला व्हता. डोळे मिटून पुन्हा पाह्यला. आन् गुडघ्याच्या वर चार बोटं खूण केली, कातर चालवली. एकदा कापलं की कापलं, बाई, कापड वाढत न्हाई.

शुक्रवारी तो आला. चाचा मुद्दाम आमच्या दुकानात येऊन उभे राह्यले व्हते, एकटं सोडलं न्हाई. जमादारानं शेरवानी घातली, आरशापुढं गेला, पुढून पाह्यलं, वळून पाह्यलं. मंग त्यानं गुडघ्याकडं पाह्यलं. म्हणला, मी खाली सांगितली व्हती. कुणी कापली? मालकाचा हात फडक्यात. पडदा माझ्या श्वासानं हलत व्हता, मला वाटलं दिसतंय. तवा चाचा पुढं झाले आन् म्हणले, जी, मैं काटा.

ज्या माणसानं जन्मात कधी गुडघा उघडा टाकला न्हाई, तो म्हणला मैं काटा. जमादार आरशाकडं बघत राह्यला. आवडली व्हती त्याला, दिसत व्हतं. चाचाला एक थप्पड मारली, टोपी उडाली, आन् शेरवानी घालूनच निघून गेला. साऱ्या गावात झालं, जमादाराची शेरवानी हबीबनं शिवली. तीच घालून तो पुढं गावं जाळीत फिरला.

मंग फौज आली. राज्य गेलं. जमादार पळाला, नदीच्या अंगाला लोकांनी गाठला, काय केलं ते मी सांगत न्हाई, तुकडे भरायला गोणी लागली म्हणत्यात. पण तेवढ्यावर लोक थांबले न्हाईत. ज्यांची घरं जळली ती माणसं कुऱ्हाडी घेऊन वसमतला आली, आन् काठीवर ती काळी शेरवानी टांगलेली, रक्तानं कडक झालेली. इचारत आले, ह्याचा दर्जी कोण? सांगणारे तयारच व्हते.

चाचाला ओढून रस्त्यावर आणलं. मी पोचले तवर एक घाव बसला व्हता, खांद्याचं हाड पांढरं दिसत व्हतं. पुढं एक उंच गडी, त्याच्या भावाला जमादारानं गंजीत घालून जाळलेलं. त्यानं दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. मी मधी गेले. पदर कुठं, चपला कुठं, भान न्हाई. म्हणलं, थांब दादा, ही चाचानं न्हाई कापली, मी कापली.

लोक हसले. बाईमाणूस शेरवानी कापून राहिली म्हणले. म्हाताऱ्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, तू काहून मधी येते, सरक. मी काठीवरची शेरवानी ओढली आन् त्या उंच गड्याला इचारलं, दादा, तू त्याला जवळून पाह्यलंस ना? ही घातली व्हती तवा गुडघे दिसत व्हते का झाकलेले?

तो म्हणला, मला दोघांनी जमिनीवर दाबून धरलं व्हतं. भाऊ जळत व्हता. मला गुडघेच दिसले त्याचे. तोंड दिसलंच न्हाई.

मी म्हणलं, मंग चाचाच्या अंगावरची बघ. त्यांच्या दुकानात टांगलेल्या बघ. ह्या गल्लीत कुणालाबी इचार, हबीब दर्जीच्या हातची शेरवानी गुडघा उघडा टाकती का. तेवढ्यात मालक आले आन् त्यांनी हात वर केला. वाळलेल्या आल्याच्या तुकड्यांवानी बोटं झाली व्हती. ते म्हणले, लांबी मी सांगितली, कापली हिनं. ह्यांनी फक्त आळ आपल्यावर घेतला, आमचा जीव वाचावा म्हणून.

त्या गड्यानं दुकानात जाऊन एकेक शेरवानी हातानं सरकवून पाह्यली. बाहेर आला, कुऱ्हाड खांद्यावर टाकली, चाचाकडं न बघता चालू लागला. त्याच्यामागं थोडे गेले. बाकीचे दुसऱ्या गल्लीत घुसले, तिथं बांगडीवाल्याचं घर, त्याची दोन पोरं. त्यांच्या बाजूनं दाखवायला कुणाकडं काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत धूर निघत व्हता. मी तिकडं गेले न्हाई, चाचाचा खांदा दाबून धरून बसले, रक्त थांबंना.

चाचा वाचले. हात पुन्हा वर गेला न्हाई. आमी दोन दुकानं एक केली, ते बसून सांगायचे, मी कापायची, मालक गिऱ्हाईक बघायचे. मरेपर्यंत मला बोलायचे, बेटी, जान बचाई सो बचाई, मगर इतनी छोटी काटनी नहीं थी.

मंग किती तरी सालांनी तो उंच गडी आला. केस पांढरे. संगट पोरगा, त्याच भावाचा, काकानंच वाढवलेला. लग्नाला कोट शिवायचा व्हता. पोरगं सडपातळ, त्याला आखूड कोट असा शोभला असता म्हणता. मी टेप लावला, म्हणलं इथवर घेऊ. तो गडी म्हणला, न्हाई बाई, खाली घे. आणखी खाली. त्याचे गुडघे झाकले पायजेत. पोरगं कुरकुरलं, काका, वऱ्हाड हसंल मला. मी पोराला म्हणलं, गप बस लेकरा. आन् गुडघ्याच्या खाली कापला. लग्नात लोक हसले म्हणे, नवरदेव आजोबाचा कोट घालून आला म्हणून. हसू दे. मालक असते तरी त्यांनी तेवढाच खाली घेतला असता.

आता कुणी शिवून घेत न्हाई, दुकानातून टांगलेलं आणतात, अंगाला येईल ते घालतात. मला आता सुई दिसत न्हाई. सून चांगली हाये, दोन घास वेळेवर मिळतात, तकलीफ न्हाई. मालक गेले, चाचा गेले, त्या गड्याचंबी ऐकलं गेल्याचं. जे उरलेत त्यांची लेकरं सुखानं नांदोत, बाई, तुमची बी. घोटभर चहा आणखी दिला तर घेते, मंग उठते.