सवतीला शिकवलेला ब्रेड

— नाही नाही, अक्रोड मिक्सरला नाही लावायचे, पूड होते त्यांची, मग दाताखाली काय येणार, कप्पाळ? हाताने मोडायचे. हे असे. ह्यांना मोठे तुकडे लागतात — त्याला, म्हणजे तुझ्या नवऱ्याला. मेली जीभच जुन्या वळणाची. तुला अगंतुगं केलं तर चालेल ना? लहान आहेस माझ्यापेक्षा, आणि सवतीला अहोजाहो म्हणजे नाटकातलं वाटतं — हस गं थोडी. हॉस्पिटलमधून तशीच आलीस ना, तोंड बघ कसं सुकलंय. बस त्या स्टुलावर.

खजूर मी मघाशीच भिजत घातले, तुझ्या नणंदेचा फोन ठेवल्या ठेवल्या — माझीही नणंदच ती, तिने काही नातं तोडलं नाही. म्हणाली, वहिनी, डॉक्टरांनी हात टेकले, दादा अन्नाला शिवत नाही, खजुराचा ब्रेड तेवढा मागतोय, हिला पाठवू का तुझ्याकडे? म्हटलं पाठव. तर हे बघ, खजूर गरम कोऱ्या चहात भिजवायचे, वर चिमूटभर सोडा, फेस येतो तो येऊ द्यायचा. यीस्ट नको, फुगायची वाट बघायला नको, म्हणून तर मी हा प्रकार काढला — शिफ्टवरून यायचा तो भुकेने कावलेला, आणि भूक लागली की कसा लहान मुलासारखा — हो, तुला माहीतच असणार. मैदा घातला की फार घोटायचं नाही हं, वातड होतो. वरखाली करायचं, बास. गुठळ्या राहिल्या तर राहू देत. घाल तुझ्या हातानेच अक्रोड. घाल गं, माझ्या डोळ्यांत काय बघतेस? तो मला सोडून गेला तेव्हा तू कुठेच नव्हतीस, हे काय मला माहीत नाही? तरी मी तुलाच शिव्या घातल्या. रागालासुद्धा माणूस लागतं ना समोर. दार लाव ओव्हनचं. जोरात नाही, हळू, नाहीतर ब्रेड मधोमध खाली बसतो.

आला बघ वास. आता सांग — मागितला म्हणजे काय म्हणाला तो? नेमके शब्द सांग. सांग ना. — कोणाच्या हातचा? — परत बोल. — आईच्या?

आईच्या हातचा.

सासूबाईंनी जन्मात ओव्हन पेटवला नाही गं. बटणाला हात लावायला घाबरायच्या. "तूच कर बाई तुझं ते यंत्र," म्हणायच्या. — नाही, रडत नाही, वाफ लागली डोळ्यांना. आणि तू कशाला माफी मागतेस? आजारात माणूस मागे मागे जातो, कळतं मला. पण आईपर्यंत जायचं तर वाटेत मी लागते ना? मला ओलांडूनच गेला. आणि मी बघ, वेडी — बघ खाली — चपला घालून उभी आहे स्वयंपाकघरात. वाटलं, ब्रेड म्हणजे निमित्त. वाटलं, मलाच बोलावलंय.

सरक. झालाय. सुरी कोरडी निघाली. गरम असतानाच फडक्यात गुंडाळायचा, म्हणजे आतून ओलसर राहतो. पातळ काप कर. चावला नाही तर दुधात बुडव, घास छोटा दे, घाई करू नकोस. आणि कोणी केला म्हणून — नाही विचारणार तो. विचारलंच तर सांग, आईने पाठवलाय. — अगं नको, मी नाही येत. तो दाराकडे आईसाठी बघणार, आणि तिथे मी कोण म्हणून उभी राहू? — सोड हात. फडकं परत आणू नकोस, राहू दे तुझ्याकडे. नीघ तू. नीघ गं, गार होतोय.