मस्कतला हसणाऱ्या बायका

धुळ्याच्या स्टँडवर दोंडाईचाची गाडी काही लागत नव्हती. रांगेत पुढे दोघी जावा उभ्या होत्या, थोरली बेबाबाई आणि धाकटी सुंदरबाई. बेबाबाईचा मुलगा पितांबर मस्कतला गवंडीकामाला गेलाय, हे मागं उभ्या असलेल्या जळगावच्या झुंबरबाईंनी कधीच ऐकून घेतलं होतं. त्यांचे स्वतःचे चारही मुलगे घरीच होते, आणि आज ते चौघंही त्यांना जरा कमीच वाटायला लागले होते.

"अक्का, तुन्हा मस्कतमा म्हणे नदीच नही. लोके समुद्रनं पाणी गोडं करीसन पेतस!" सुंदरबाई म्हणाली.

"हा."

"नि बठ्ठा माणसे पायघोळ झगा घालतस. लगीनमा नवरा कोणता, नवरी कोणती, कसं वळखतस वं माय?"

झुंबरबाई पदराआड मनसोक्त हसल्या.

"हास, हास," बेबाबाई जावेला म्हणाली. "पितांबरनी तुन्हा धनसिंगसाठे काम देखेल शे तठे. पासपोर्ट काढाले सांग म्हणे."

"काय सांगस अक्का! मन्हा धनसिंगले?"

"नको धाडू मग. तठे नदी नही ना."

"नदी कसाले पाहिजे? समुद्र गोडा करतस ते! केवढा हुशार मुलूख!"

झुंबरबाईंना राहवलं नाही. "झगा जरा आखूड शिवा बाई मुलाला. नाहीतर नवरी समजून कोणी घेऊन जाईल."

"ओ मावशी! जठे आपला पोऱ्या जाणार शे, त्या मुलूखले हासतस का?"

"अजून गेलाय कुठं?" झुंबरबाई म्हणाल्या. "तोवर हसून घेते."